न्हाणीघरवाल्या बाईंचा दगड

३ नोव्हेंबर
चर्च कमिटीचं पत्र. आमच्या टेग्लबीतल्या कबरस्तानाचा उत्तरेकडचा कोपरा मोकळा करणार, कबरींवरचे जुने दगड फोडून खडी करणार. वस्तीसाठी काही केलेल्या माणसांचे तेवढे ठेवणार. पण माहिती द्या म्हणे, एक पान, तीस तारखेच्या आत. एक पान! इतिहास मंडळाच्या अध्यक्षाला!

लगेच कारेनचा फोन. त्याच कोपऱ्यात इंगेबोर्गबाईंची कबर आहे. बाईंनी १९३१ साली सार्वजनिक न्हाणीघर काढलं, अनाथ कारेनला लेकीसारखं वाढवलं. कारेन आता अठ्ठ्याऐंशीची, डोळे गेलेले. म्हणाली, "प्रेबेन, मला दिसत नाही रे. तो दगड गेला तर हात लावायला माझं कुणी उरत नाही. लिहिशील ना?" म्हटलं, निर्धास्त राहा. उद्या सकाळी बसतो.

४ नोव्हेंबर
बसलो. पण मंडळाच्या नावाने द्यायचं तर ठराव हवा. ठरावाला सभा, सभेला चौदा दिवसांची नोटीस. नियम सात. बायको म्हणाली, "अरे, स्वतःच्या नावाने दे की." बिर्गिटला संस्था चालवणं काय कळणार!

९ नोव्हेंबर
तोवर थोडी पार्श्वभूमी. न्हाणीघर कळायचं तर वीटभट्ट्या कळायला हव्यात. भट्ट्या कळायच्या तर माती.

२० नोव्हेंबर
सभा झाली. सहा जण. सभा चालवणारा निवडण्यात वीस मिनिटं, मग कॉफी, केक. टोर्बेनने शंका काढली: १९३१ की १९३२? शंका काढण्यापलीकडे या माणसाने जन्मभर दुसरं काही केलं नाही. उपसमिती नेमली, मी आणि टोर्बेन. मागच्या खुर्चीतून कारेन म्हणाली, "पाणी गरम असायचं, एवढं लिहा." इतिवृत्तात घेतलं.

२६ नोव्हेंबर
चव्वेचाळीस पानं! टेग्लबीच्या मातीवर असं कुणी लिहिलेलं नाही. अंगावर काटा आला.

२९ नोव्हेंबर
उपसमितीच्या दोन्ही सह्या हव्यात आणि टोर्बेन स्वीडनला मुलीकडे. आता मी काय करू? कारेनचा फोन: "झालं ना?" म्हटलं, झाल्यातच जमा आहे. खोटं नाही बोललो.

२ डिसेंबर
टोर्बेन आला. कुरकुरत सही केली. एकसष्ट पानं. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय!

३ डिसेंबर, दुपार
पानं घेऊन कबरस्तानात गेलो. कोपरा सपाट. माळी म्हणाला, "काल नेले." कोण होत्या बाई, विचारत होता. सांगितलं. घरात न्हाणी नव्हती तेव्हा अख्ख्या वस्तीची पोरं शनिवारी बाईंकडे. कुणाला परत पाठवलं नाही. शेवटच्या पोरापर्यंत गरम पाणी. दोनेक मिनिटं लागली असतील.
"मग हेच लिहून द्यायचं होतंत," म्हणाला आणि ढकलगाडी घेऊन गेला. मला फार वाईट वाटलं.

३ डिसेंबर, संध्याकाळ
कारेनला सांगितलं. रडली नाही. मग म्हणाली, "बरं. तू लिहिलंस ते तरी वाच. तिचं."
पानं उलटली. पुढून, मागून. एकसष्टावं पान १७०२ सालात संपतं.
घसा बसलाय म्हटलं, उद्या वाचतो. ती चाचपडत उठली आणि मला मध घालून चहा करून दिला.