चौदा टेम्पो भराव

२ जानेवारी १९९२, गुरुवार

सही मी करायची! उपाध्येसाहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं, एक फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले, "पुष्पलता, टायपिंग पुरे झालं. आता हे काम तुमचं." मला वाटलं बढती. निघाला गाळ!

म्हणजे खरोखरचा गाळ. आमच्या कंपनीत रंगांचा कच्चा माल बनतो. तो बनवताना काळा गाळ उरतो, त्याला आता सरकारी भाषेत 'घातक कचरा' म्हणायचं. किती निघाला, कुठे ठेवला, कुठे पाठवला — सगळं रजिस्टरात लिहून दर वर्षी प्रदूषण मंडळाला कळवायचं, असा नियम आलाय. आमच्याकडे रजिस्टर आहे, पण कळवलं कुणी नाही. आता मंडळाचं पत्र आल्यावर धावपळ. एकोणनव्वदपासूनचं सगळं महिनाअखेरपर्यंत द्यायचंय, आणि खाली 'जबाबदार व्यक्ती' म्हणून माझं नाव.

मी कॉमर्सची. रसायनातलं ओ की ठो कळत नाही. पण वजाबाकी येते. करून दाखवते.

३ जानेवारी, शुक्रवार

एमआयडीसीची शुक्रवारची सुट्टी. दिवसभर आईबरोबर खळ्यावर जवळा पसरला. कंबर गेली!

एक मात्र खरं, खळं आता झकास झालंय. आमच्या मुरबे गावच्या सगळ्या बायका तिथेच मासळी सुकवतात. पूर्वी उधाणाचं पाणी शिरायचं, चिखल व्हायचा, निम्मा जवळा सडायचा. गेल्या मार्चमध्ये मी कंपनीत अर्ज केला. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते, तरी धीर केला. साहेबांनी बॉयलरची राख आणि डबर मोफत दिलं, खळं हातभर उंच झालं. तेव्हापासून शेजारची गोदूआत्या मला भराववाली म्हणते.

आई आज खूश होती. "यंदा जवळा कसा लाल हाय बग! पालघरचा व्यापारी बोलतो, मुरब्याच्या मालाला रंग हाय तसा कुटं नाय."

४ जानेवारी, शनिवार

रजिस्टरात दर महिन्याचा आकडा आहे. सगळे मिळून निघालेला गाळ एकसष्ट टन. बाहेर पाठवला — शून्य. म्हणजे एकसष्ट टन मागच्या शेडमध्ये असायला हवा. साधी गोष्ट.

गेले शेडमध्ये. पिंपं मोजली, पंच्याण्णव. एक पिंप वजनकाट्यावर चढवायला लावलं, दोनशे किलो भरलं. कामगार हसायला लागले. "मॅडम, ये कचरा है, सोना नहीं!" हसा लेको. पंच्याण्णव पिंपांचे झाले एकोणीस टन.

बेचाळीस टन कुठे गेला?

६ जानेवारी, सोमवार

साहेबांना विचारलं. पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, "सगळा 'आवारात साठवलेला' लिहा."

"पण आवारात नाहीये, साहेब."

"अहो, पावसात थोडा वाहून जातो."

बेचाळीस टन! थोडा!

७ जानेवारी, मंगळवार

जबाबदार व्यक्ती म्हणजे न विचारता सही करणारी व्यक्ती, असं साहेबांना वाटत असावं. त्यांनी माणूस चुकीचा निवडला.

९ जानेवारी, गुरुवार

गेटवरचा पुंजाराम देवासारखा भेटला. नाशिककडचा आहे, दहा वर्षं याच गेटवर. चहा प्यायला केबिनीत थांबले आणि सहज विचारलं, मागच्या काळात काही माल बाहेर गेला असेल तर कळेल का?

तर केवढा राग आला त्याला! "कळंल का म्हंजे? ताई, ह्या गेटातून सुई जरी भायेर गेली तरी मी पावती फाडतो." आणि खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली. आत तीन वर्षांची गेटपासांची पुस्तकं, वर्षवार, सुतळीने बांधलेली! साहेबांना याचा पत्ताही नसेल. रोज जेवणाच्या सुट्टीत एक-एक बघायचं ठरवलं.

१३ जानेवारी, सोमवार

एकोणनव्वद संपलं, नव्वद संपलं. कच्चा माल, पक्का माल, भंगार, दिवाळीच्या मिठाईचे खोके. गाळ कुठेच नाही. डोळे चुरचुरतायत. पण सोडणार नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सापडलं.

मार्च ९१, ओळीने चौदा पास. टेम्पो आमच्या गावच्या चिंतूचा, प्रत्येक खेपेला तीन टन. माल: भराव. कुठून: मागची शेड. कुठे: मुरबे.

चौदा त्रिक बेचाळीस.

पहिल्या पासाला टाचणीने एक कागद लावलेला. माझा अर्ज. माझं अक्षर, खाली माझी लफ्फेदार सही — "आमच्या गावच्या खळ्यावर चिखल होत असल्याने कंपनीने भराव देण्याची कृपा करावी." वर साहेबांच्या हिरव्या शाईत: मंजूर.

राख नव्हतीच ती. त्या दिवसांत मी कामावर असायचे, टेम्पो रिकामा होताना पाहिला नाही. संध्याकाळी घरी पोचायचे तोवर बायकांनी वरून माती टाकून शेणाने सारवूनही घेतलेलं असायचं. किती मिरवले मी! त्यावर एक पावसाळा गेला, सगळ्या हंगामाचा जवळा सुकला, आणि आम्ही तो विकला, खाल्ला. काल संक्रांतीला डब्यात नेला होता, ऑफिसातल्या सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला.

१६ जानेवारी, गुरुवार

साहेबांसमोर पास ठेवले. जराही गडबडले नाहीत. उलट अर्जावर बोट ठेवून म्हणाले, "मागितलं कुणी? सही कुणाची? पुष्पलता, मी तुमचाच विचार करतोय. हे बाहेर आलं तर मंडळ मला दोन प्रश्न विचारेल. तुमचं गाव तुम्हाला जन्मभर विचारेल."

ते खरं होतं. पण केबिनमधून बाहेर येताना पास आणि अर्ज मी टेबलावर ठेवले नाहीत. पर्समध्ये टाकले.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी कुदळ घेऊन खळ्याच्या कडेला खणलं. चार बोटं सारवण आणि माती, खाली काळंकुट्ट. तांब्याभर पाणी ओतलं तर तांबडा ओघळ निघाला.

मग आईला सगळं सांगितलं. गाळ काय असतो ते, बेचाळीस टन, माझा अर्ज. आई ऐकत राहिली, हात मात्र जवळा वरखाली करतच होते. शेवटी म्हणाली, "मंग? आता काय करू बोलतेस?"

"सुकवायचं बंद कर. विकू नकोस. मी फॉर्मात खरं लिहिणार आहे."

"हंगाम भरात हाय. घरात गोणी भरून ठेवल्यात. आमी काय खानार, तुजा फॉर्म?"

गोदूआत्या जवळच होती, तिने सगळं ऐकलं. अर्ध्या तासात गावभर!

१८ जानेवारी, शनिवार

एसटीत कुणी शेजारी बसलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आई बोलत नाही. ताट वाढते, ठेवते, जाते. गोदूआत्या दारातून ऐकवून गेली: "भराव हिनंच आनला, आता पोटावर पाय पन हीच देते. शिकवून काय झालं?"

मला राग येतो आणि लगेच लाज वाटते. चूक माझी. कुणी फसवलं म्हणून ती कमी होत नाही. कंपनीच्या दारात फुकट मिळतंय म्हटल्यावर काय मिळतंय ते बघायचं मला सुचलं नाही. खळ्यावर जवळा रोज पसरला जातोय. मला एकच भीती आहे — फॉर्म जाईल, चौकशी येईल, आणि तोवर हा सगळा माल पालघरच्या बाजारातून घराघरात पोचलेला असेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

आणि बाबा असते तर? ते समुद्रावर गेले की कुणाचं ऐकायचे नाहीत, घरी आले की फक्त आईचं. आज त्यांची खूप आठवण आली.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदन करून दुपारी लवकर घरी आले. आई पडवीत बसली होती. समोर दोन पातेली, दोन्हींत जवळा भिजत घातलेला. एकात आमच्या खळ्यावरचा. दुसऱ्यात सातपाटीहून मावशीकडून आणवलेला, तिथल्या वाळूवर सुकवलेला. मी कधी सांगितलं नव्हतं असं करायला. हे तिचं तिनेच शोधलं!

सातपाटीच्या जवळ्याचं पाणी नेहमीसारखं गढूळ. आमचं, पान खाऊन थुंकल्यासारखं तांबडं.

आई बराच वेळ दोन्हींकडे बघत बसली. मी उंबऱ्यात उभी. मग ती उठली, आमचं पातेलं विहिरीपासून लांब नेऊन खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली. पदर खोचला आणि गोदूआत्याच्या घराकडे गेली.

२८ जानेवारी, मंगळवार

फॉर्म टाइप केला, तीन प्रती. निघाला: एकसष्ट टन. आवारात: एकोणीस. बाहेर पाठवला: बेचाळीस. कुठे: मुरबे, मासळी सुकवण्याचं खळं. कसा: कंपनीच्या परवानगीने, खालील सही करणारीच्या अर्जावरून. सगळे पास आणि अर्जाची नक्कल जोडली.

साहेबांनी वाचला. "हा मी पाठवणार नाही."

"नका पाठवू. मी बोईसर पोस्टातून रजिस्टर्ड केला. ही तुमची प्रत."

पहिल्यांदाच त्यांना माझ्याकडे नीट बघावं लागलं. नोकरीचं महिनाअखेरीला बघू म्हणाले. बघा.

घरी आले तर खळं रिकामं. एकही बाई नाही, एक मूठही जवळा नाही. कुठे गेला सगळा? विकून टाकला? आईला विचारायची हिंमत झाली नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी दहाला गेटवर आरडाओरडा. धावत गेले. चिंतूचा टेम्पो, तोच! मागे सतरा गोण्या, आणि गोण्यांवर बसलेल्या आई, गोदूआत्या आणि गावच्या बायका. पुंजाराम पावतीपुस्तक घेऊन आडवा उभा. आत येणाऱ्या मालाची नोंद झाल्याशिवाय तो कुणाला सोडत नाही. "माल काय लिहू, बाई?"

"तुमचाच हाय," आई म्हणाली. "परत आनलाय." मग माझ्याकडे बघून, तेरा दिवसांनी पहिल्यांदाच, "पुष्पे, तुज्या वहीत लिव."

गोण्या वजनकाट्यावर चढवल्या. आज कुणी हसलं नाही. रजिस्टर उघडून लिहिलं: आवक, सुका जवळा, सतरा गोण्या, चारशे अडुसष्ट किलो. कुठून: मुरबे. सहीच्या जागी आईचा अंगठा घेतला.