वाणात गेलेली लिंबं

॥ श्री ॥
मळवली, ता. १७ जानेवारी १९७४

चि. रतन हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू पुण्याला शेतकी शिबिराला गेल्याला दहा दिवस झाले आणि इकडे तुझ्या मामीचा जीव खालीवर होतो आहे. जेवण कसं, पांघरूण पुरतं का, हे तिनं चारदा लिहायला सांगितलं. मी एकदाच लिहितो, तू चारदा वाच.

लिंबाच्या रोपांना रोज सकाळी पोहऱ्यानं पाणी घालतो. गुडघे कुरकुरतात. अनुदान मिळून विहिरीवर इंजिन बसलं की त्यांना पेन्शनीत काढीन असं सांगून ठेवलं आहे. थंडी बरीच आहे. पानांवर दंव पडतं. दुपारचं ऊन मात्र बरं असतं.

संक्रांत झाली. मामीनं यंदा हळदीकुंकू जरा मोठं केलं. आसपासच्या बायका तर आल्याच, पण लोहगडवाडीची झुंबरबाईसुद्धा डोंगर उतरून आली. एवढ्या बायका आपल्या ओट्यावर मी माझ्या लग्नातही पाहिल्या नव्हत्या. सगळं गोडीनं पार पडलं. तू शिकण्यात मन घाल. घरी मी आहे.

इकडच्या दोन्ही म्हाताऱ्यांची आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझा मामा,
रखमाजी

पुणे, ता. २० जानेवारी १९७४

तीर्थरूप मामांस रतनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. पांघरूण पुरतं, हे मामीला चारदा सांगा.

शिबिरात एकतीस पुरुष आणि मी एकटी. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला विचारलं की स्वयंपाकाला आलात का. चौथ्या दिवशी लिंबावर डोळा भरायला, म्हणजे कलम करायला शिकवलं. माझा डोळा सरळ बसला, तेव्हा त्यांनी तो सगळ्यांना फिरवून दाखवला. आता ताई म्हणतात.

मामा, तुमच्या पत्रात थंडी आली, दंव आलं, ऊन आलं. रोपं किती आहेत ते मात्र आलं नाही. निघताना पाचशे चाळीस तुमच्यादेखत मोजली होती. पंचायत समितीची अट तुम्हाला पाठ आहे. तपासणीच्या दिवशी वीतभर वाढलेली पाचशे रोपं जागेवर दिसली तर रोपवाटिकेचं अनुदान, नाही तर नाही. साहेब एकतीस तारखेला यायचे आणि माझी सुटका सहा फेब्रुवारीला, तेव्हा दाखवायची तुम्हीच. मंजुरी आली तर तळेगावच्या दवाखान्यातलं आयाचं काम सोडीन आणि दिरांच्या घरातला तो कोपराही. नाही आली तर दहा तारखेला परत कामावर उभी. बिनपगारी रजा त्यापुढे देत नाहीत.

म्हणून ओळीवार मोजून आकडा कळवा. तुम्ही हवापाण्यावर आलात की मला धास्ती वाटते.

मामीला नमस्कार. रागावले नाही, नुसतं विचारते आहे.

आपली,
रतन

॥ श्री ॥
मळवली, ता. २३ जानेवारी १९७४

चि. रतन हीस आशीर्वाद.

मोजली. चारशे अडुसष्ट आहेत.

एकही मेलं नाही, किडीनं खाल्लं नाही, बकरीनं तोंड घातलं नाही. वाणात गेली. संक्रांतीच्या दिवशी मी सोपानच्या बैलाचा खांदा सुजला म्हणून त्याच्याकडे गेलो होतो. परत येतो तो बायका रोपाची एकेक काळी पिशवी पोटाशी धरून गाडीवाटेनं चाललेल्या. मला वाटलं, बघायला नेताहेत. ओट्यावर आलो तर तुझी मामी हळदीच्या हातानं शेवटची दोन रोपं पदरात घालत होती. बहात्तर बायका, बहात्तर रोपं. झुंबरबाई आधी बिचकली की लिंबू दारात नको, नजरबाधेचं असतं. मग झाड असलं तर चालतं असं तिनंच ठरवलं आणि दोन मागितली. मिळालं एकच.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मामीला विचारलं की अगं, आरसे, फण्या काय बाजारात संपल्या होत्या? ती काही बोलली नाही. अजून बोलत नाही. भाकरी वाढते आणि पाठ फिरवते. अट तिलाही माहीत होती, पण बायकांच्या रांगेपुढं आकडा कुणाच्या लक्षात राहतो? तू पहिल्या पत्रात विचारायच्या आधीच मी लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

आता तू म्हणशील तसं करतो. मला बोल, तिला बोलू नको.

रागात असलीस तरी दोन ओळी धाडच.

मामा

पुणे, ता. २६ जानेवारी १९७४

ती. मामांस नमस्कार.

परत आणा.

श्रावणात बी टाकलं तेव्हापासून एकेका पिशवीची माती मी चाळली. दवाखान्यात आठवडाभर बेडपॅन उचलून रविवारी सकाळच्या गाडीनं यायचं, संध्याकाळच्या गाडीनं जायचं. बत्तीस रोपांसाठी मी पुन्हा तिथंच उभी राहू का? बायकांना सांगा, पावसाळ्यात एकीला दोन देईन. मामीला बोलत नाही. पण तिनं मला एका शब्दानं विचारायला हवं होतं.

एवढंच.

रतन

॥ श्री ॥
मळवली, ता. २९ जानेवारी १९७४

चि. रतन हीस आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. बजरंग रोज दुधाचे कॅन घेऊन पुण्याच्या गाडीला असतो, त्याच्या हाती देतो. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. तिनं टोपली उचलली आणि पुढं चालू लागली. पहिलं घर कस्तुराबाईचं. तू ओळखतेस तिला, सोवळ्याओवळ्यात साऱ्या गावाला धाकात ठेवणारी. तिचं रोप गोठ्यामागं जमिनीत लागलेलं होतं. दिलेलं वाण कुणी परत मागत नाही, आणि मागितलं तर सवाष्ण ते अशुभ धरते, हे मला कुणी सांगायला नको. कस्तुराबाई खुरपं घेऊन गोठ्यामागं गेली. ती खणायला वाकली आणि तुझी मामी तिथंच मातीत बसली. तिनं कस्तुराबाईचा हात धरला. जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

“लेक माज्या घरात येऊन सणाला मागल्या पडवीत बसती. तिच्या हातचं हळदीकुकू कुनी घेत न्हाई. म्हनून म्या एकेकीला नाव घेऊन सांगितलं, ह्ये रतनच्या हातचं हाय, आन् पदरात घातलं. समद्यांनी घेतलं. येक बी न्हाई म्हनली न्हाई. त्ये आता कंच्या तोंडानं काढून नेऊ?”

रतन, मी पंचेचाळीस वर्षं हिच्याशी संसार केला आणि आठ दिवस ती गप्प का, हे मला कळलं नव्हतं. मी समजत होतो घरात दुसरं वाण नव्हतं. अडाण्याचा गाडा, दुसरं काय.

आम्ही रिकामी टोपली घेऊन घरी आलो. पण गोष्ट गावात पसरली. संध्याकाळी नथूची बायको सांगत आली की बहुतेकींची रोपं अजून पिशवीतच आहेत. एकतीस तारखेला सकाळी बायका ती आणून ओळीत ठेवतील आणि साहेब गेले की घेऊन जातील. वाण परत केलं असंही होत नाही आणि आकडाही भरतो. मला मोह पडला आहे, खोटं कशाला सांगू. पण बाग तुझी, अर्जावर अंगठा नव्हे तर सही तुझी. तू सांगशील ते.

बजरंगला चहा पाज, तो उत्तरासाठी थांबेल.

मामा

पुणे, ता. ३० जानेवारी १९७४

ती. मामा आणि मामी यांस शि. सा. नमस्कार.

बजरंगभाऊ दारात उभे आहेत, म्हणून थोडक्यात.

बायकांना आणायला सांगू नका. ती रोपं त्यांची झाली. दुसऱ्याची रोपं आपली म्हणून दाखवायची आणि खाली माझी सही, हे मला जमणार नाही. आहेत ती चारशे अडुसष्ट दाखवा. उरलेली कुठं गेली असं साहेबांनी विचारलं तर वाणात गेली म्हणून सांगा.

सव्वीस तारखेचं माझं पत्र चुलीत घाला.

मामीला माझ्या वतीनं काही सांगू नका. मी आले की तिच्याजवळ बसेन.

तुमचीच,
रतन

॥ श्री ॥
मळवली, ता. ३ फेब्रुवारी १९७४

चि. रतन हीस मामा-मामींचे आशीर्वाद.

साहेब आले होते. तरुण आहे, चपलांना माती लागू नये म्हणून उड्या मारत चालत होता, पण मोजणी चोख केली. प्रत्येक रोपाला पट्टी लावली. आकडा तोच आला. ओळीतल्या मोकळ्या जागा त्यानं हेरल्या आणि मला विचारलं. मी सांगितलं. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि मेलेली, विकलेली, रोगट असे रकाने आहेत, वाणाचा नाही, असं म्हणाला. कस्तुराबाई कुंपणापाशी येऊन उभीच होती. तिनं साहेबाला आपल्या गोठ्यामागचं रोप बघायला चल म्हणून आग्रह धरला. गेला बिचारा, ताक पिऊन आला. पण कागदावर लिहायचं तेच लिहिलं. अर्ज रद्द नाही केला. जुलैच्या फेरीत पुन्हा तपासणी, तेव्हा पाचशे दाखवा.

म्हणजे दहा तारखेला तुला दवाखान्यात उभं राहणं आलं. याला गोड शब्द माझ्याजवळ नाहीत. मामीनं ऐकलं आणि विहिरीवर निघून गेली. येताना दोन घागरी घेऊन आली, म्हणून समजलं की ठीक आहे.

आता पुढचं. कस्तुराबाईनं मला विचारलं की आत्ता बी टाकलं तर जुलैपर्यंत वीतभर होईल का. मी होईल म्हणालो, पण लिंबाचं बी वाळलं की उगवत नाही, ताजं हवं. झालं. त्या दिवसापासून घराघरांत लिंबं पिळणं चालू आहे. नथूच्या पोरांना रोज सरबत पाजतात, अख्ख्या गावाचे दात आंबले, आणि यंदा लोणच्याला जावई पुरायचे नाहीत. बिया मात्र झुंबरबाईपासून सगळ्यांनी आणून दिल्या. मामीनं त्या ओल्या फडक्यात बांधून माठाच्या बुडाशी ठेवल्या आहेत.

मी वाफे करून ठेवले आणि काल पेरायला बसणार तोच कस्तुराबाईनं अडवलं. तिच्यामागं आणखी चौघी. माझ्या हातचं उगवेल की नाही याची त्यांना खात्री नाही म्हणे. रतनच्या हातचं उगवतं हे त्यांनी आपापल्या परसात पाहिलं आहे, तेव्हा बी तिनंच टाकायचं. मी त्यांना सांगितलं की तिला वेळ नाही, दहाला कामावर जायचं आहे. त्यावर कस्तुराबाई म्हणाली की मग दहाच्या आत येऊ दे. त्या सगळ्या पाणी घालायला येणार आहेत आणि तू आलीस की पहिलं जेवण कस्तुराबाईकडं आहे.

तेव्हा सहाला सुटलीस की तळेगावला उतरू नको, तशीच मळवलीला ये. बी फार तर शुक्रवारपर्यंत ओलं राहील.

वाट बघणारा,
रखमाजी मामा