ओली सीट, आवक क्रमांक २२१७

४ फेब्रुवारी
पँट पुन्हा ओली. हापिसच्या सायकल-शेडवर पाण्याची टाकी आहे. ती रोज दुपारी भरून वाहते, आणि पत्र्याला भोक नेमकं माझ्या सीटच्या वर. संध्याकाळी सायकलवर बसलो की संपलं. आज जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी पँटकडे पाहून, वयोमानानं होतं असं, असा धीर दिला. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.
हिला सांगितलं. ही कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, एक हात डावीकडे लावा की सायकल."
बायकांना मुळाशी जाऊन विचार करता येत नाही. ती जागा एकोणीस वर्षं माझी आहे. आज सरकलो की उद्या कोणीही खुर्चीवरून उठवेल.

५ फेब्रुवारी, सकाळी
दाढी करताना सुचलं!! मोजायची टेप असते ना, ओढली की लांब आणि सोडली की सुर्रकन आत? तसंच रेक्झिनचं कापड सीटखालच्या डबीत गुंडाळायचं. सायकल लावली की ओढून सीटवर पसरायचं, पुढे हूक. निघताना बटण दाबलं की कापड आत, सीट कोरडी ठणठणीत.
अंगावर काटा आला. गालही थोडा कापला.
सव्वीस वर्षं मी आवक विभागात बसतो. दुसऱ्यांची पाकिटं फोडायची, कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा. कशावर माझं नाव म्हणून नाही. आता येईल. डबीवर, बारीक अक्षरांत, पण येईल.

६ फेब्रुवारी
गुप्तता महत्त्वाची. निश्चय: (१) कोणालाही सांगायचं नाही. (२) या रोजनिशीतसुद्धा वस्तूचं नाव लिहायचं नाही, नुसतं 'ती' म्हणायचं. (३) मेहुण्यापासून सावध. हिचा धाकटा भाऊ, त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. हात चांगला, पण तोंडाला झाकण नाही.
आज सीट-कव्हरचं, म्हणजे तिचं, पहिलं चित्र काढलं. झकास.
हिच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली. काय गुप्त ठेवायचं ते कळावं म्हणून कागदावर सगळं सविस्तर लिहिलं होतं. हिने न वाचता सही केली आणि मागच्या बाजूला इस्त्रीचे कपडे लिहिले. कागद आता इस्त्रीवाल्याकडे आहे.

९ फेब्रुवारी
शिंप्याकडे गेलो. रेक्झिन कापून घ्यायचं होतं. संशय येऊ नये म्हणून टोपी शिवायची आहे म्हणालो. त्याने माप घेतलं, कागदी नमुना उलटासुलटा केला आणि विचारलं, सायकलची सीट ना? त्यालाही सही करायला लावली. त्याच्या दुकानात बसलेल्या दोघांनाही.

१३ फेब्रुवारी
टेप उघडली. स्प्रिंग बाहेर आली आणि कपाटावर गेली. ती शोधताना चार वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा सापडला. संशोधनाचे असे फायदे लोकांना कळत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार
चाचणी. बाल्कनीत सायकल चादरीखाली झाकून ठेवली होती, चादरीत शिरूनच जोडणी केली. कापड उत्तम पसरलं. मग बसल्या बसल्या बटण दाबता येतं का ते पाहावं म्हणून कापडावरच बसलो आणि दाबलं.
डबीने कापड आत घेतलं. सोबत पँटचा मागचा भागही घेतला. उतरता येईना. स्प्रिंगची ताकद वादातीत आहे.
हिने मला न विचारता भावाला फोन केला. तो पान्हे घेऊन आला. मी त्याला डोळे मिटून काम करायची अट घातली. त्याने खरंच डोळे मिटले आणि चाचपडत मला सोडवलं. मग म्हणाला, "दाजी, डबी उलटी बसवलीय. माझ्याकडे आणा, तासाभरात करून देतो. नाव तुमचंच राहील."
डोळे मिटून त्याला कळलं कसं? चोर आहे. मी म्हणालो, डबी कसली, काहीच नाही. तो चहा पिऊन गेला. 

१९ फेब्रुवारी
हक्क कायदेशीर करायला हवा. तळमजल्यावरच्या वकिलांना जिन्यात गाठलं. नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, काही लोक कल्पना कागदावर मांडतात, सीलबंद पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवतात आणि पाकीट कधीच उघडत नाहीत, तारखेचा पुरावा म्हणून. पुढे 'पण त्याचा' असं काहीतरी म्हणाले. जिन्यात आवाज घुमतो. मुद्दा कळला.

२१ फेब्रुवारी
पाकीट तयार. चित्रं तीन, वर्णन दोन पानं, सुरुवातीला समस्या: शेड, टाकी, भोक. नाव मुद्दाम कुठेच घातलं नाही, ना आत ना बाहेर. कोणाच्या हाती पडलंच तर संशोधक कोण ते कळायला नको. कशाला म्हणून भोक ठेवलं नाही.
घरी आलेली सगळी पत्रं ही फोडते, म्हणून पत्ता हापिसचा घातला: 'आवक विभाग'. तिथे मीच असतो. माझ्या हातात आलं की सरळ कपाटात, कुलूप.
रजिस्टरला पाठवणाऱ्याचं नाव लागतं, म्हणून आज साध्याच पोस्टात टाकलं. हलकं वाटतंय.

२५ फेब्रुवारी
सोमवारची सगळी डाक आजच आली. त्रेपन्न पाकिटं. जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळी केली, सव्वीस वर्षांचा सराव. एका पाकिटावरचं अक्षर फार सुबक होतं. अशी माणसं आपल्या हापिसात हवीत.
माझं पाकीट अजून आलं नाही. पोस्टाचा कारभार!

२५ फेब्रुवारी, चहाच्या वेळी
कचऱ्याच्या टोपलीत ते सुबक अक्षराचं पाकीट दिसलं. फोडलेलं.
मीच फोडलं. शिक्का मारला. नंबर घातला, २२१७. आतल्या कागदावर कोणत्या विभागासाठी ते लिहिलेलं नाही म्हणून नियमाप्रमाणे 'सर्व विभागांनी पाहावे' या ट्रेमध्ये टाकलं. ट्रे केव्हाच गेला होता.
परत मागता येत नाही. एकदा नंबर पडलेला कागद मध्येच काढायचा नाही, हा नियम. गेल्याच महिन्यात यावरून मी लेखा विभागाच्या बाईंना रडवलं होतं.

२८ फेब्रुवारी
कागद फिरतो आहे. दुसऱ्या मजल्यावर हसण्याचा आवाज आला. विषय वेगळा असू शकतो.
खरं तर बरंच झालं. सगळं हापिस साक्षीदार. मोठे साहेब पाहतील, विचारतील, हा कोण हुशार माणूस? तेव्हा उभं राहायचं. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

६ मार्च
कागद परत आला. समासात शेरे.
लेखा: आमचा संबंध नाही.
भांडार: रेक्झिन शिल्लक नाही.
आस्थापना: अर्जदाराचे नाव नाही. कोणाचे?
खाली मोठ्या साहेबांचं हिरव्या शाईतलं अक्षर: "सायकल एक हात डावीकडे लावावी. दप्तरी दाखल."
दप्तरी दाखल करायचं काम माझंच. केलं. आस्थापनेच्या 'कोणाचे?' पुढे पेन टेकवून बराच वेळ बसलो. मग आठवलं, शेरा झालेल्या कागदावर मागाहून काही लिहायचं नाही, हाही नियम.

७ मार्च
सायकल एक हात डावीकडे लावली. सीट कोरडी.
जिन्यात आजी म्हणाल्या, औषध लागू पडलं वाटतं.
  हिने रोजच्या सवयीने माझी पँट वाळत घालायला हातात घेतली, चाचपून पाहिली आणि घडी करून कपाटात ठेवून दिली.