छाप म्हटलं होतं म्या

४ ऑक्टोबर
कांदे, दोन पोते. कापता कापता मधात वही काढली तं गुरमीत उस्तादनं पाह्यली. लंगराचा, म्हणजे फौजेच्या सैपाकघराचा, हेड कुक तो, पंजाबी, सोळा वर्षं नोकरी. म्हणे, क्या लिखता है ओए? म्हटलं, रोजका. म्हणे, जगह का नाम नहीं, यूनिट का नहीं, कितने आदमी हैं वो भी नहीं. मंग लिहू काय? म्हणे, प्याज लिख.
तं कांदे. दोन पोते.

५ ऑक्टोबर
थंडी. बोटं फुटली. दहावी दुसऱ्या खेपेले निघाली तवा मास्तर म्हणे, विशाल, तुह्या बुडाले काटे हायेत, फौजेत जाय, फिरशीन. दीड वर्षापासून एकाच भट्टीपाशी उभा हावो.
चार वर्षवाले आम्ही. चारातून एक ठेवतात, तीन घरी. मले राहाचं हाये. घरी गेलो तं बाबाच्या मांगं मालाचे टोपले उचलाचे. बाबा गवंडी. त्याची कंबर गेली, आता माही जाईन.

७ ऑक्टोबर
टीव्हीच्या खोलीत वाजलं. बातम्यावाला बदला बदला ओरडून राह्यला. हरयाणाचा एक म्हणे, सही बोल रहा है, वोट भी उसी को जो ठोकेगा. राकेश बिहारचा, माह्यासारखाच चार वर्षवाला. तो म्हणे, मेरी नौकरी चार साल की जिसने की, उसको नहीं दूँगा. हरयाणावाला म्हणे, तो आया क्यों? राकेश म्हणे, तेरे बाप की फौज है?
सुभेदार साहेब आले, आपल्या साताऱ्याकडचे. टीव्हीच बंद केला. म्हणे, राजकारण गावाकडं ठेवून यायचं, इथं फक्त भूक घेऊन यायची. चला जेवायला.
भांडे घासताना उस्ताद म्हणे, माहं गाव बॉर्डरपासून चार कोस. हा टीव्हीवाला ओरडला की माही माय म्हैस घरीच टाकून गाव सोडते. हिंदीत बोलला, म्या आपल्या भाषेत लिहिलं.
मंग मले इचारलं, तू किधर का है, इधर का या उधर का?
म्हटलं, आटा खत्म हो रहा है उस्ताद.

९ ऑक्टोबर
नेटवर्क पाण्याच्या टाकीमांगंच येते. गावच्या ग्रुपवर मेसेजचा ढीग. वाघ, तोफा, नकाशे. किराणावाला गज्या लिहिते, विशालभाऊ कधी घुसता, फक्त वार सांगा, बाकी आम्ही पाहून घेतो.
म्या लिहिलं, वरण शिजून राह्यलं.
खाली गज्यानं लिहिलं, समजलं भाऊ, जय हिंद. त्याहिले वाटलं गुप्त भाषा हाये.
मायचा फोन. जेवला काय? म्हटलं, मीच शिजवतो माय. म्हणे, मंग जेव ना.

११ ऑक्टोबर
उस्तादनं एक गोष्ट सांगतली. पुढं बॉर्डरवर निघाचं असलं का लंगराले पह्यलं समजते. पुऱ्या अन् सुका आलू बांधून मागतात. आलूत कांदा नाही टाकाचा, बांधलेलं लवकर आंबते. अफसर काही बोलत नाहीत, पण बिन कांद्याची भाजी सांगतली का समजाचं.
गज्याले हे कळलं तं रोज इचारन, भाऊ, कांदा हाये ना?

१३ ऑक्टोबर
असलमचा आवाजी मेसेज. धाड गावच्या बाजारात त्याचं फ्लेक्स छापाचं दुकान. आम्ही सातवीपासून एका बाकावर. म्हणे, दिवाळीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, गावचे पोट्टे म्हणतात तुहा बंदूकवाला फोटो टाकाचा, छापू काय. पुढंही काही बोलत होता. कढईत तेल तापलं होतं, अर्धंच ऐकलं. आवाजातच पाठवलं, छाप बे, मले काय इचारतं.
दर दिवाळीले लागते फ्लेक्स. अर्ध्या गावाचे तोंडं राहतात त्याच्यावर. माहंही राह्यलं तं काय.

१७ ऑक्टोबर
शेजारच्या युनिटचा एक जण गेला. खालच्या रस्त्यानं नेणार होते. त्याच्यासंग आलेल्या लोकाईसाठी चहा सांगतला. मोठं पातेलं ठेवलं. गाडी पाह्यली, झेंडा पाह्यला. एक जण चहा घेऊन म्हणे, साखर जास्त झाली. म्हटलं, हाव.
काही वाटलं नाही. पातेलं घासलं.

२४ ऑक्टोबर
राकेशनं सकाळी सलाम ठोकला. आइये नेताजी. मोबाइल दाखवला. आमचा फाटा, एसटी थांबते तिथं, दुमजली घराएवढा फ्लेक्स. वर भाऊ, आमच्याकडचे पुढारी, हात जोडून. आमदारकीले उभे हायेत. खाली मी, बंदूक घेऊन. मधात लिहिलं, घुसून मारणारा आपल्या गावचा वाघ, वाघाचं मत भाऊलाच.
बंदूक ट्रेनिंगमधली. फोटो काढून लगेच परत घेतली होती.
उस्ताद म्हणे, तेरे हाथ में कड़छी छापते तो सही रहता. माह्या हातातला डाव पाहून सगळे हसले. मीही.

२५ ऑक्टोबर
हापिसात बोलावलं. वर्दीवर राजकारण चालत नाही, मत देता येते, सांगता येत नाही. अफसर साहेब ओरडले नाहीत. लेखी खुलासा द्याचा, तीस तारखेपर्यंत. फोटो कोणी दिला, छापाले परवानगी कोणी दिली.
बाहेर कारकून म्हणे, परवानगी तुझी निघाली तर लाल शाईची नोंद. मग चौथ्या वर्षी यादीत नाव शोधू नको.
असलमचा जुना मेसेज काढून पुरा ऐकला. शेवटी म्हणते, वर भाऊचा मोठा फोटो हाये, इलेक्शनचं हाये बे, इचार करून सांग.
म्या इचार केला नाही.

२६ ऑक्टोबर
बाबाले फोन. फोटो तुम्ही देला? हाव म्हणे, मीच देला, भिंतीवरचा काढून. म्हटलं, काऊन?
म्हणे, भाऊ घरी आले होते. आपल्या घरी. खुर्चीवर बसले, मले बाजूले बसवलं. तुह्या मायच्या हातचा चहा पेले. वीस वर्षं त्याहिच्या बंगल्याच्या भिंती बांधल्या, पाणी बाहेरच देत होते बाप्पा.
म्या फोन दुसऱ्या कानाले लावला.
म्हणे, रोज सकाळी फाट्यावर चहा पेतो, तुह्या खाली बसून. टपरीवाला इचारते, पोरगा काय म्हणते लढाईचं? मी म्हणतो, तो सांगत नसते.
नोकरीचं काही सांगतलं नाही त्याले. फ्लेक्स काढाले सांगा एवढंच म्हटलं. म्हणे, भाऊले मी कसं म्हणू?

२७ ऑक्टोबर
सुभेदार साहेब स्वतः लंगरात आले. भाजी चाखली, मग हळू म्हणे, लेका, डोकं वापर. बापाचं नाव नको, तुझं नको. लिही, छापखानेवाल्यानं परस्पर छापला, मला माहीत नाही. संपलं.
म्हटलं, साहेब, तो दोस्त आहे.
म्हणे, नाव काय त्याचं?
सांगतलं.
साहेबानं चमचा खाली ठेवला. मग म्हणे, ह्या दिवसांत असं लिहिलंस तर कोणी परत विचारणार पण नाही तुला.
वाईट माणूस नाही. माह्या भल्याचंच सांगून राह्यला होता. त्यानं ठेवलेला चमचा घासला.

२८ ऑक्टोबर
असलमचा फोन, म्या लावायच्या आंधी. दोन दिवसापासून शटर खाली. निवडणुकीचे लोक चौकशीले आले तं भाऊचे पोट्टे म्हणाले, आम्ही फक्त मजकूर देला, जवानाचा फोटो यानंच बिन परवानगीचा टाकला. शिपाई येऊन नाव लिहून गेला. बाजारात गज्या त्याले म्हणे, फौजीच्या जिवाशी खेळतं काय बे?
असलमले म्हटलं, माहा आवाज हाये ना तुह्याकडं. छाप बे म्हणलेला.
म्हणे, हाये. कोणाले ऐकवला नाही.
काऊन?
म्हणे, ऐकवला तं मी सुटतो अन् तुही नोकरी जाते. अम्मी म्हणते, ऐकव. अब्बू म्हणतात, थांब, आंधी त्याले इचार. म्हणून इचारतो. डिलीट करू काय?
नेटवर्क गेलं. का म्याच फोन बंद केला. टाकीचं पाणी वाहून राह्यलं होतं, नळ बंद केला.

२९ ऑक्टोबर
आज तीन येळा पोळ्या करपल्या. उस्ताद ओरडला नाही. म्हणे, किसके बारे में सोच रहा है, घर के या यार के?
म्हटलं, दोनोके.
म्हणे, मैंने सोलह साल में एक ही बात सीखी. दुश्मन कौन है वो ऊपर से आता है. यार कौन है वो ऊपर से नहीं आता.
मंग म्हणे, नमक देख.

३० ऑक्टोबर
खुलासा लिहिला. हिंदीत. चुका झाल्या असतील. फोटो घरून गेला. छापू का म्हणून दुकानदारानं मले इचारलं होतं. राजकारणाचं हाये हेही सांगतलं होतं. म्या पुरं ऐकलं नाही अन् छाप म्हटलं. दुकानदाराची चूक नाही. खाली सही.
कारकुनानं वाचला. म्हणे, दुसरा कागद देऊ का? म्हटलं, नको. म्हणे, जेवणाची सुट्टी झाली की वर जाईल, तोवर माझ्याकडंच आहे.
जेवणाची सुट्टी झाली. म्याच वाढलं त्याले. वरण घे म्हटलं, बाकी काही बोललो नाही.
असलमले लिहिलं, डिलीट नको करू. शिपाई आला तं ऐकव. त्यानं अंगठा पाठवला. मंग थोड्या वेळानं लिहिलं, येडा हायेस बे तू.

२ नोव्हेंबर
वरून काही उत्तर नाही. राकेश हापिसात दूध द्यायले गेला होता, माही फाइल टेबलावर पाह्यली म्हणते. बंद होती.
त्यानं इचारलं, तेरा कटा तो मेरा चांस बढ़ेगा ना? मंग लगेच म्हणे, मजाक कर रहा हूँ. मजाक नव्हता. म्याही तेच इचारलं असतं.

५ नोव्हेंबर
पोस्टाच्या मताचा कागद आला. हापिसात छापून देला, कोपऱ्यात टेबल, मधात पुठ्ठा उभा केलेला. नावं वाचली. भाऊचं होतं. बाबाची खुर्ची डोळ्यासमोर आली. हरयाणावाला आठवला, राकेश आठवला, उस्तादच्या मायची म्हैस.
खूण केली. पाकीट चिकटवलं. साक्षीची सही सुभेदार साहेबाची. त्यानं पाकिटाकडं पाह्यलं नाही, माह्याकडंही नाही.
कोणाले देलं ते हितंही लिहीत नाही.

७ नोव्हेंबर
असलमचं दुकान उघडलं. आवाज ऐकवला त्यानं. शिपाई म्हणे, फौजी स्वतःच म्हणते तं आमी काय करू. फ्लेक्स उतरवला, लोखंडी चौकट तेवढी राह्यली. असलमनं फोटो पाठवला. खाली बाबा बसले हायेत, हातात चहा. वर काहीच नाही, मांगचं आभाळ दिसते.
बाबाचा फोन नाही आला. मायचा आला. म्हणे, तुहे बाबा बोलत नाहीत. गज्या म्हणते, विशालनं भाऊचा अपमान केला. जेवला काय?
म्हटलं, हाव.

८ नोव्हेंबर
फाइलचं उत्तर नाही.
सकाळी सुभेदार साहेब लंगराच्या दारात उभे. आत आले नाहीत. उस्तादशी दोन शब्द बोलून गेले. उस्तादनं मोठी परात काढली, मले म्हणे, पूरी का आटा गूँध. म्हटलं, किती? त्यानं आकडा सांगतला. तो लिहाचा नाही.
बाबाले फोन लावला. तिसऱ्या खेपेले उचलला. म्हणे, काय? म्हटलं, काही नाही. फाट्यावरची एसटी ऐकू आली, हॉर्न वाजला. मंग म्हणे, टपरीवाला इचारून राह्यला, लढाईचं काय? म्हटलं, सांगा, पोरगा सांगत नसते.
म्हणे, हाव. तेच सांगतो.
आलू उकडाले ठेवले. राकेश कांदे कापाले चाकू धुवून आला, उस्तादनं त्याच्या हातातून घेऊन खिळ्याले अडकवला.
लिहायले आज कांदेही नाहीत.