लेफ्ट झालेला मामा

धायरी, ४ डिसेंबर २०२४

ती. इंद्रजीतदादास,

सा. न. वि. वि. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टाला कामाला लावलंय.

निकिताच्या लग्नाची पत्रिका छापून आली तशी मी नावं तपासायला लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. कुंकू-अक्षता घेऊन आधी मामाच्या दारात जायचं, हे लक्षातच राहिलं नाही. मुद्दाम केलं का, असं स्वतःला विचारून पाहिलं. मुद्दाम नाही, पण बेफिकिरी त्याहून बरी, असंही म्हणवत नाही.

थोड्या वेळात पत्रिकेखाली आलं, ‘इंद्रजीत लेफ्ट’. सासूबाईंनी अर्थ विचारला. निकिताने सांगितलं, सोडून गेला. तेव्हापासून त्यांनी तो शब्द राबवायला घेतलाय. दूधवाला लेफ्ट झाला, दाढ लेफ्ट झाली, माझ्या भाजीतलं मीठ तर रोजच लेफ्ट. तुझ्यापुरता मात्र त्या तो वापरत नाहीत. म्हणतात, रुसलाय.

मंगलाष्टकांना निकितामागे मामा उभा राहणार की नाही, एवढं कळव. लोभ आहेच, तो ग्रुपमधून काढलेला नाही.

तुझी,
उत्कर्षा

हडपसर, ७ डिसेंबर

चि. उत्कर्षास,

अ. आ. पत्रिका मिळाली. मला, आचाऱ्याला आणि मांडववाल्याला एकदमच. छपाई सुबक आहे.

रुसलो वगैरे नाही. रुसायला वेळ लागतो, लेफ्ट व्हायला अंगठा पुरतो. निमंत्रणाचं काम फोनने केलंच आहे, तर निकितामागेही त्यालाच उभा करावा. फेट्याचं कापड आणलं होतं. तुझी वहिनी म्हणाली, परत करू. मी म्हटलं, राहू दे. गादीखाली आहे.

आशीर्वाद तूर्त चालू ठेवले आहेत.

दादा

हडपसर, ११ डिसेंबर

चि. उत्कर्षास,

अ. आ. काल तुझ्या सासूबाई रिक्षातून आल्या. नारळ, कुंकू, अक्षता आणि कपड्यांची पिशवी. पिशवी कशाला, ते नंतर कळलं. मला पाटावर बसवून कुंकू लावलं, लग्नाला या म्हणाल्या. मी म्हटलं, बघू. त्यावर त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि जाहीर केलं, की त्यापण धायरीतनं लेफ्ट झाल्या हायेत, मामा हो म्हणंस्तोवर मुक्काम हितंच.

तुझ्या वहिनीच्या भाकरीला नावं ठेवून झाली, मग माझ्या पोटाला. कापडही त्यांनीच गादीखालून काढलं आणि फेटा बांधून दाखवायला लावला.

निकितामागे मीच उभा राहीन. राहणार होतोच, कुणी दारात येऊन विचारायची वाट बघत होतो. मला ग्रुपात घे आणि यांना न्यायला ये.

लोभ वाढवावा, मुक्काम वाढवू नये.

दादा

धायरी, १३ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुला ग्रुपात घेतलं.

सासूबाईंना न्यायला आजच निघणार होते. पण भाजीतल्या मिठाबद्दल इथे कुणी बोलत नाही, घर फार शांत आहे. थांबण्यात माझा स्वार्थ किती, ते तपासते आहे. तपासणी रविवारपर्यंत चालेल.

रविवारी नक्की येते. सासूबाईंनी त्यांचं कुंकू लावलं, माझ्या हातचं अजून राहिलंय. तोवर भाकरीचं ऐकून घ्यावं.

तुझी,
उत्कर्षा