तिसरी पायरी

ता. ४ नोव्हेंबर १९३१
बिग, बिगर, बिगेस्ट. गुड, बेटर, बेस्ट. मी सारखं गुडर म्हणतो! का चालत नाही ते मामालाही ठाऊक नाही. काशीराममामा आगबोटीवर बटलर होता, साहेबांच्या तोंडून ऐकलेलं मला शिकवतोय.

बंदरावरच्या आगबोट कचेरीत इंग्रजी बोलणारा पोर हवाय. शनिवारी हेडक्लार्क परीक्षा घेणार. नाही जमलं तर बाबांच्या होडीवर. शाळेतून काढलं ते त्यासाठीच. दोनदा गेलो, दोन्ही वेळा तळाशी डोळे मिटून पडलो. थोरला भाऊ दादू सगळ्यांना सांगतो, आमच्या धाकूला होडी लागते. होडी लागत नाही. भीती वाटते. मिरकरवाड्यात राहून हे सांगू कुणाला?

ता. ५
ओसरीवर घोकत होतो. आजी सुकट निवडत होती. अर्थ विचारला. मी सांगितला — मोठी, जास्त मोठी, सगळ्यात मोठी. तिचा हात थांबला.

"तिसरा शब्द होडीला लावू नको."

आमच्यात पाण्यावरच्या कशालाच सगळ्यात मोठं, सगळ्यात चांगलं म्हणत नाहीत. दर्या ऐकतो, मग मागतो. बाबा लिलावात हातभर सुरमई टाकतील, पण तोंडाने 'बरी हाय' एवढंच.

मामा म्हणाला, "मावशी, दर्याला कुठं इंग्रजी येतं?"

आजी हसली नाही.

ता. ६
वारा फिरलाय. बाबा आणि दादू पहाटेच गेले. बेटर, बेस्ट. बेटर, बेस्ट.

ता. ७
नोकरी लागली.

हेडक्लार्कने बिग-बिगर-बिगेस्टच्या तिन्ही पायऱ्या विचारल्या, बरोबर आल्या. मग म्हणाला, तिसऱ्या पायरीचं वाक्य कर. मी आंब्याचं पाठ करून गेलेलो. तो म्हणाला, आंबा सगळेच सांगतात, बाप काय करतो? होडी? मग होडीवर कर.

खिडकीतून समुद्र दिसत होता, फेसाने नुसता पांढरा. मागच्या बाकावर बूट घातलेला एक पोर वाट बघत बसलेला. मामाचं बोलणं आठवलं. बोलून टाकलं — अवर बोट इज द बिगेस्ट बोट इन मिरकरवाडा!

"सोमवारपासून ये."

आमची होडी तर दोन माणसांची. म्हणजे खोटंही बोललो, वर तिसरा शब्द!

घरी आजीने विचारलं, काय विचारलंनी रे? आंब्याचं, म्हटलं. बाबा कालच यायचे होते. अजून नाहीत.

ता. ८
नाही आले. बाकीच्या होड्या आल्या. आई किनाऱ्यावरून उठत नाही. मामाला सगळं सांगितलं. "मी आपलं गमतीनं..." म्हणाला.

एवढ्या आगबोटी जातात, सगळे कप्तान इंग्रजीच बोलतात. दर्याला येतच असणार!

ता. ९
आले! आरे-वारेच्या वाळूत होडी घातली होती. दादू धड आहे. बाबांचा उजवा हात दोरात सापडला. बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. इस्पितळात ठेवलंय.

कचेरीत जायचं राहिलं. मामा सांगून आला, हेडक्लार्क म्हणाले उद्या आला तरी चालेल. आई म्हणते, जा. दादू म्हणतो, "तू जा कचेरीत. होडीवर बघतो कोण गावतो का." माझ्याकडे न बघता म्हणाला.

आजीला सगळं सांगितलं.

"एवढीशी होडी ती. दर्या हसला असंल," म्हणाली. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

ता. १०
मामा कचेरीत सांगायला गेला, धाकू येत नाही म्हणून. मी दादूबरोबर आरे-वारेला निघालो, होडी पाण्यातून घरी आणायला. आजीने नारळ हातात दिला.

"होडी कशी हाय रे?"

"बरी हाय," म्हटलं.