मैदानाचं भाडं

मोशी, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप कुसुमताईस,
धाकट्या ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही हे एका परीनं बरंच. त्या निमित्तानं मी कागदाला हात लावतो. कंपनीतलं कंत्राट या महिनाअखेर संपतंय. ब्रेक देतील, मग परत घेतील, असं सुपरवायझर म्हणतो. दरवेळी म्हणतो.

स्वरूपाच्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलवरून तू मला चांगलंच धुतलंस. डबा विकत घेतला, खेळ विकत घेतला, मग चारचौघींबरोबर ऑनलाइन खेळायला दरमहा पैसे कसले आणि ते भरणारा गाढव कोण, असं विचारलंस. गाढव मी. पण ताई, कुठंतरी त्या खेळाच्या कंपनीची यंत्रं रात्रंदिवस चालतात, वीज खातात, त्यांच्यावरही शिफ्टची माणसं असतात. आम्ही इमारतीचा मेंटेनन्स भरतोच की.

आणि अपघाताला तीन वर्षं झाली. स्वरूपाची आई गेली, तिचे पाय गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फुटबॉलच्या खेळात चौघींचा संघ आहे. त्यात ही डावीकडून पळते. पळते, ताई. संघात तळेगावची योगिनी म्हणून कुणी आहे, भेट कधी नाही. ती हिला म्हशी म्हणते आणि ही हसते. ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. पैसे त्याचे भरतो.

रागावलीस तरी माया ठेव.
तुझा ज्योतीराम


औसा, २२ सप्टेंबर २०२५

चि. ज्योतीराम यास,
औशाहून ताईचे अनेक आशीर्वाद.

आज घट बसले. गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्याहून जास्त. स्वरूपाला म्हशी म्हणणारी पोरगी मला आवडली. माझ्या वतीनं तिला रेडकू म्हणायला सांग.

तुझा मेंटेनन्सचा दाखला मात्र पटला नाही. पैसे थकले तर इमारतवाले जिन्यातला दिवा काढतील. शेजारणीशी बोलू नको म्हणणार नाहीत. विजेचा खर्च आहे तर डबा विकतानाच लावावा. आधी माणसं जोडून द्यायची आणि मग त्या माणसांचंच भाडं घ्यायचं, हा धंदा मला कळत नाही. उद्या दर वाढवला तर तू नाही म्हणू शकशील का?

त्या योगिनीचा फोन नंबर घेऊन ठेवा. घेतला नसेलच.

पोरीला जप. स्वतः जेवत जा.
तुझी ताई


मोशी, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं पत्रातूनच घे.

खंडेनवमीला कंपनीत मशीन पुजतात. त्या दिवशी कुणी बटण दाबत नाही. यंदा आदल्या दिवशीच माझा गेटपास जमा झाला. पूजेला मशीन उरलं नाही, म्हणून घरीच पाट मांडला. माझे पान्हे ठेवले, आणि शेजारी स्वरूपाचा कन्सोल. तिचं हत्यार तेच. वायर काढली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

ती म्हणाली की आज एकदा चालू करावं लागेल, खेळाच्या कंपनीनं दर वाढवलाय, होकार द्यायची शेवटची तारीख आजची आहे. मी म्हणालो की हत्याराला आज विश्रांती, उद्या दे होकार. ती वाद घालत नाही. आई गेल्यापासून घालत नाही.

दसऱ्याला फुलं काढून सुरू केलं, तर मेंबरशिप संपलेली. जुना महिन्याचा दर बंद झालाय. नव्यानं यायचं तर वर्षाचे एकदम भरा. मदतीच्या नंबरवर फोन लावला. मुलगी मराठी बोलत होती. तिला पूजेचं सांगितलं. ती म्हणाली की सवलतीच्या यादीत असं कारण नाही.

तू घ्यायला सांगितलास तो नंबर नाही. योगिनीच्या घरात फोन एकच, तो भावाकडे असतो, म्हणून तिनं कधी दिला नव्हता. तिच्या बोलण्यामागे रेल्वेचा भोंगा येतो, एवढीच खूण. परवा तळेगावला जाऊन रुळांकडेच्या चाळींत विचारलं. एका बाईनं विचारलं की ती मुलगी तुमची कोण. मी परतीची गाडी पकडली.

स्वरूपा शांत आहे. तेच बघवत नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
ज्योतीराम


औसा, १३ ऑक्टोबर २०२५

चि. ज्योतीराम यास,
आशीर्वाद.

शेजारचा नवनाथ दिवाळी करून चाकणला कामावर परत जाईल, त्याच्या हाती पाकीट देते. मोजू नकोस, भर. मी भाडं म्हणाले होते, अजूनही भाडंच म्हणते. पण पोरीला दाराबाहेर बसवून मी औशात बरोबर ठरले, तर त्याचं काय करू?

पूजेवरून स्वतःला खाऊ नकोस. आपल्या घरात हत्यार पुजायचीच रीत आहे. ते हत्यार दुसऱ्याच्या हुकमानं चालतं, हे तुला कुणी सांगितलं होतं?

ती हसली की लगेच कळव.
ताई


मोशी, २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

कळवायला उशीर केला. नवनाथनं पाकीट दिलं, पैसे त्याच आठवड्यात भरले. मैदान उघडलं.

योगिनीचं नाव मैत्रिणींच्या यादीत आहे, पण राखाडी, म्हणजे ती आता आत येत नाही. संघातली वर्षाली आता दुसरीकडे खेळते. तिच्याकडून कळलं की योगिनी खंडेनवमीला हिची वाट पाहत बसली होती. पुढं तिचा भरलेला महिना संपला आणि नव्या दराला तिचा भाऊ नाही म्हणाला. तिचं खरं आडनाव वर्षालीलाही माहीत नाही. संघ मोडलाय. ओळख नसलेल्यांबरोबर खेळायला स्वरूपा तयार नाही.

मला कंपनीतून बोलावणं नाही. माझ्या जागी नवीन पोरगा उभा आहे, असं ऐकतो.

रोज संध्याकाळी ती हेडफोन लावून बसते. मैदान येतं, हिरवंगार, वर दिवे. ती एकटी डावीकडून पळत टोकाला जाते आणि परत येते. काल मी म्हणालो की बंद कर, टीव्ही बघू. ती म्हणाली की वर्षाचे भरलेत, बाबा.

स्वयंपाकघरात आता नुसती बटणं ऐकू येतात.

तू आहेस तशीच राहा.
तुझा ज्योतीराम